दिवा बॅटरीचा, दुखणं अल्टरनेटरचं

नवी बॅटरी टाकून पंधरा दिवस होत नाहीत तोच गाडी पुन्हा सेल्फ घेईना, अशी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक ऑटो इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात हमखास भेटतं. बॅटरीवाल्याशी भांडून झालेलं असतं, वॉरंटी कार्ड हातात असतं आणि मीटरवरचा लाल दिवा तसाच चालू असतो. इलेक्ट्रिशियन त्या कार्डाकडे बघतही नाही. बॉनेट उघडून तो अंगठ्याने पट्टा दाबतो, मल्टीमीटरच्या दोन तारा टर्मिनलना टेकवतो आणि म्हणतो, "चार्जिंगच येत नाहीये, बॅटरी बिचारी काय करणार?"

हा घोळ त्या दिव्यावरच्या चित्राने घातलेला आहे. चौकोनी डबी, वर दोन खुंट्या, आत अधिक आणि उणे. कुठल्याही देशातली, कुठल्याही कंपनीची गाडी घ्या, चित्र हेच. ते बघून बॅटरी गेली असं कुणालाही वाटेल. खरं तर बॅटरीच्या तब्येतीचं या दिव्याला काहीच कळत नाही. तिचा एखादा सेल मेलेला असला, रोज सकाळी गाडी धक्का मारून सुरू करावी लागत असली, तरी एकदा इंजिन चालू झालं की हा दिवा निमूट विझतो. तो बोलतो ते चार्जिंगबद्दल. इंजिन चालू आहे आणि तरीही अल्टरनेटरकडून वीज येत नाहीये, एवढंच त्याला सांगायचं असतं.

बॅटरीचं मुख्य काम सेल्फ फिरवण्याचं. त्या दोन-तीन सेकंदांत लहान गाडीतही ती शंभर-दीडशे अँपिअर देते. तो खर्च भरून काढायचा आणि शिवाय हेडलाइट, वायपर, ब्लोअर, पेट्रोलचा पंप, इंजिनचा कॉम्प्युटर या सगळ्यांचं भागवायचं, ही पुढची जबाबदारी अल्टरनेटरची. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची एक कॉइल फिरत असते. दोन कार्बन तिच्या कड्यांवर घासत राहतात आणि त्यांच्यातून तिला तीन-चार अँपिअरचा करंट मिळतो, त्याने ती चुंबक होते. हे चुंबक इंजिनच्या पट्ट्यावर फिरलं की भोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांत वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. ही वीज उलटसुलट दिशेची असते, म्हणून सहा डायोड तिला एका दिशेला वळवतात. आणि बॅटरीला मानवेल एवढंच, म्हणजे साधारण १४ व्होल्ट, बाहेर पडावं म्हणून रेग्युलेटर त्या कॉइलचा करंट सतत कमी-जास्त करत राहतो.

रेग्युलेटरला जुने मेकॅनिक अजून कटआउट म्हणतात. ते नाव डायनामोच्या काळातलं. जुन्या अँबेसेडर, फियाटमध्ये डायनामो असायचा आणि इंजिन आयडलवर असलं की त्याच्याकडून काही मिळायचं नाही. सिग्नलला गाडी थांबली की लाल दिवा मिणमिणायचा आणि त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही. सिलिकॉनचे डायोड हाताशी आल्यावर चित्र पालटलं. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट मॉडेलला अल्टरनेटर दिला आणि पुढे काही वर्षांत डायनामो मागे पडला. आयडललाही चार्जिंग मिळू लागलं. त्यामुळे आजच्या गाडीत सिग्नलला मिणमिणणारा दिवा दुर्लक्ष करण्याजोगा राहिलेला नाही, पण वडिलांची फियाट चालवून शिकलेले काही लोक अजूनही 'होतं असं' म्हणून पुढे जातात.

आता दिव्याकडे. साध्या, कॉम्प्युटरच्या मध्यस्थीशिवायच्या गाड्यांत या दिव्याची जोडणी फार हुशारीची आहे. त्याचं एक टोक चावीच्या स्विचमधून बॅटरीला जातं आणि दुसरं टोक अल्टरनेटरला. म्हणजे दिवा दोघांच्या मध्ये लटकलेला. पाण्याच्या दोन टाक्या नळीने जोडल्या आणि दोन्हींतल्या पाण्याची पातळी एक असली, तर नळीतून पाणी वाहत नाही. एक टाकी रिकामी झाली की वाहतं. दिवा त्या नळीत बसलेला आहे. चावी फिरवली, इंजिन अजून बंद आहे, अशा वेळी बॅटरीकडे १२ व्होल्ट आणि अल्टरनेटरकडे शून्य. दिव्यातून करंट वाहतो, दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटरने वीज दिली, दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं झालं, दिवा विझला. त्याला कुणी विझवत नाही, त्यातून वाहायला काही उरत नाही इतकंच.

यातली आणखी एक गंमत सहसा लक्षात येत नाही. चावी फिरवल्यावर दिव्यातून वाहणारा तो करंट वाया जात नाही. तो थेट अल्टरनेटरच्या कॉइलमध्ये जातो आणि तिला पहिलं थोडंसं चुंबकत्व देतो. दोन-तीन वॅटचा बल्ब, म्हणजे करंट जेमतेम पाव अँपिअर, पण सुरुवात करून द्यायला तेवढा पुरतो. तेव्हा हा दिवा नुसता खबऱ्या नाही, कामाचा भाग आहे. बल्ब उडाला तर काही गाड्यांत अल्टरनेटर जागाच होत नाही. एकदा जोरात रेस केल्यावर कॉइलच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर कसाबसा सुरू होतो. 'सकाळी सुरू केल्यावर चार्जिंग येत नाही, मग हायवेला लागलो की येतं' हे कोडं पुष्कळदा इथे सुटतं.

म्हणूनच पहिली तपासणी इंजिन सुरू करण्याआधीची. चावी ऑनला आणा आणि थांबा. बॅटरीचा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर सगळं आलबेल आहे असं समजणारे खूप, पण हा न लागणारा दिवा पेटलेल्या दिव्याइतकाच संशयास्पद असतो. बल्ब गेला असेल, अल्टरनेटरला जाणारी बारीक वायर तुटली असेल, किंवा आतले कार्बन इतके झिजले असतील की ते कड्यांना टेकतच नाहीत आणि करंटचा रस्ताच बंद झाला असेल. घाईघाईत चावी एका दमात फिरवून सेल्फ मारायची सवय असेल तर हे कधी दिसणारच नाही. जुनी गाडी विकत घेताना तर ही तपासणी कराच. दुखणारा दिवा नजरेआड व्हावा म्हणून त्याचा बल्बच काढून ठेवलेल्या गाड्या बाजारात असतात.

इंजिन चालू आणि दिवा लख्ख, ही सगळ्यात सोपी स्थिती. वीज येतच नाहीये. पट्टा तुटला किंवा घसरतोय, कार्बन संपले, रेग्युलेटर गेला, नाहीतर मागचं कनेक्टर निसटलं, यांपैकी एक काहीतरी. रेस वाढवल्यावर दिवा विझत असेल तर पट्टा ढिला असण्याची किंवा कार्बन शेवटच्या घटका मोजत असण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात सकाळी सुरू करताक्षणी चीं करून ओरडणारा आणि हेडलाइट लावल्यावर आणखी ओरडणारा पट्टा त्याच जातीचा. लोड वाढला की अल्टरनेटर फिरायला जड होतो आणि ओला, गुळगुळीत झालेला पट्टा पुलीवर घसरतो.

खरी परीक्षा अंधूक दिव्याची. दिवसा दिसत नाही. रात्री आतले दिवे बंद केल्यावर मीटरच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र मंद लालसर दिसतं आणि रेस केली की थोडं उजळतं. गाडी तर व्यवस्थित चालू असते. अशा वेळी वीज येत असते, पण दिव्याच्या दोन बाजूंची पातळी जुळत नसते. सहांपैकी एखादा डायोड गेला की असं होतं. त्याची इतर लक्षणंही असतात. आयडलला हेडलाइट हलके थरथरतात, रेडिओच्या मागे एक बारीक शिटी ऐकू येते आणि तिचा सूर इंजिनच्या वेगाबरोबर चढतो. डायोडने न अडवलेली उलटसुलट वीज स्पीकरपर्यंत पोचल्याचा तो आवाज. मल्टीमीटर एसीवर लावून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजलं तर चांगल्या अल्टरनेटरला ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की डायोडवर बोट ठेवायला हरकत नाही.

पण अंधूक दिव्याचा दोष दर वेळी अल्टरनेटरच्या माथी मारू नये. कधी अल्टरनेटर ठणठणीत असतो आणि चावीचा स्विच किंवा एखाद्या फ्यूजची पकड गंजलेली असते. मग दिव्याच्या बॅटरीकडच्या बाजूला व्होल्टेज कमी पोचतं आणि करंट उलट दिशेने, अल्टरनेटरकडून बॅटरीकडे वाहू लागतो. जुन्या तारेच्या बल्बला दिशेचं सोयरसुतक नसतं, तो दोन्हीकडून पेटतो. कोकणात समुद्राकाठी वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे जास्त आढळतं. अशा गाडीचा अल्टरनेटर बदलला तरी दिवा तिथेच. चावी काढून घेतल्यावरही दिवा अंधूक पेटलेला दिसला, तर मात्र डायोड शॉर्ट झालाय आणि तो रात्रभर बॅटरी पीत बसणार आहे. तासाभराने अल्टरनेटरला हात लावून बघा. बंद, थंड गाडीत एकटाच तो कोमट लागला तर आणखी पुरावा नको.

आणि दिवा कधी कधी सरळ गप्प बसतो. रेग्युलेटर दुसऱ्या टोकाला बिघडला, म्हणजे करंट आवरेनासा झाला, तर व्होल्टेज १५, १६ च्या पुढे जातं. दोन्ही टाक्या एकदमच वर गेल्या, दिव्याला कळणार कसं? इथे नाक कामाला येतं. बॅटरीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो, पाण्याची पातळी सारखी उतरते, हेडलाइटचे बल्ब महिन्याकाठी उडतात. बल्बच्या कंपनीला शिव्या घालण्याआधी एकदा चार्जिंगचं व्होल्टेज मोजावं. मीटरमध्ये व्होल्टचा किंवा अँपिअरचा काटा असायचा ते दिवस मला म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटतात. काटा आजार चढत असताना दाखवायचा. दिवा फक्त अंथरूण धरल्याचं कळवतो. सिगरेट लायटरच्या खोबणीत बसणारा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, तो लावणं हा त्यावरचा स्वस्त उतारा आहे.

अलीकडच्या गाड्यांत दुखणं एका दिव्यावर थांबत नाही. एबीएस, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग, कधी इंजिनचा पिवळा दिवा, असे चार-पाच एकदम लागतात. मालक घाबरतो, आणि अनुभव नसलेला मेकॅनिक एबीएसचा सेन्सर बदलायला निघतो. चार वेगवेगळे भाग एकाच मिनिटाला खराब होत नसतात. त्यांचं समाईक काय, ते शोधायचं, आणि समाईक असते ती वीज. या सगळ्यांचे छोटे कॉम्प्युटर ठरावीक व्होल्टेजखाली काम सोडून देतात आणि आपापला दिवा लावतात. म्युझिक सिस्टिम आपोआप बंद-चालू होणं, स्टिअरिंग अचानक जड होणं, एएमटी गाडीत गिअर पडायला कां-कू करणं, हीही त्याच माळेतली. जुन्या काही जपानी गाड्यांत बॅटरीचा आणि हँडब्रेकचा दिवा जोडीनेच लागतो, कारण दोन्हींची जोडणी आतून एकमेकांत गुंतलेली असते. तिथे ब्रेकचं तेल पातळीत असेल आणि हँडब्रेक खाली असेल, तर नजर अल्टरनेटरकडे वळवावी.

रस्त्यात दिवा लागला तर? पहिली नजर टेंपरेचरवर. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरचा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला की चार्जिंग आणि इंजिनचं पाणी दोन्ही एकदम थांबतं. बॅटरीचा दिवा आणि पाठोपाठ टेंपरेचर चढतंय, असं दिसलं तर 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ' हा विचार हेड गॅसकेटच्या खर्चात पडतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. टेंपरेचरचा काटा नसून नुसता लाल दिवा असलेल्या गाड्यांत तर अधिकच सावध राहावं, कारण तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

पट्टा जागेवर असेल तर थोडा वेळ हातात आहे. किती, त्याचा हिशेब सोपा. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. पावसाळी रात्री कसारा घाट चढताय असं धरा: हेडलाइटला दहा अँपिअर, ब्लोअरला तेवढेच, रेडिएटरच्या पंख्याला तितकेच किंवा थोडे जास्त, वायपर, पेट्रोल पंप आणि इग्निशनला मिळून आणखी दहा-बारा. म्हणजे चाळीसच्या घरात. बॅटरी पूर्ण भरलेली आणि नवी असली तरी तासाभराच्या आत कारभार आटोपतो. जुनी असेल तर वीस मिनिटांतही. एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाइलचा चार्जर, मागच्या काचेचा हीटर बंद केला की हा वेळ चांगलाच लांबतो. हेडलाइट मात्र रात्री बंद करू नका, तेवढी बचत जिवावर बेतते. आणि मुक्कामाला पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका; चहाला थांबलात तर सेल्फ पुन्हा फिरेलच असं नाही. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल जीपा अल्टरनेटर मेला तरी दिवसाउजेडी घरापर्यंत यायच्या, त्यांना विजेची गरजच नाममात्र होती. कॉमन रेल डिझेलकडून ती अपेक्षा करू नये.

बॅटरी की अल्टरनेटर, याचा निकाल बहुतेक वेळा जंपर केबलच लावते. दुसऱ्या गाडीवरून सुरू केली आणि केबल काढल्यावर थोड्या वेळात मान टाकली तर अल्टरनेटर. दिवसभर चालली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ठप्प, तर बॅटरी किंवा कुठेतरी रात्रीची गळती. मल्टीमीटर असेल तर आणखी चांगलं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान काटा हवा. हेडलाइट आणि ब्लोअर लावून थोडी रेस केल्यावरही १३.५ च्या खाली येता कामा नये. नागपूरच्या मे महिन्यात, तापलेल्या इंजिनवर १३.६ दिसलं तर काळजी नको. उष्णतेत बॅटरी जास्त भरली जाऊ नये म्हणून रेग्युलेटर मुद्दाम व्होल्टेज उतरवतो.

गॅरेजमधली एक जुनी युक्ती मला फार आवडते. चावी ऑन, इंजिन बंद, आणि लोखंडी पान्हा किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्यायचं. कॉइलला करंट मिळत असेल तर टोक चट्‍कन ओढलं जाऊन पत्र्याला चिकटतं. नाही चिकटलं तर कार्बन, रेग्युलेटर किंवा ती बारीक वायर. (कॉम्प्युटरच्या ताब्यातले नवे अल्टरनेटर इंजिन सुरू होईपर्यंत कॉइलला करंट देत नाहीत, तिथे ही युक्ती चालायची नाही.) दुसरी जुनी युक्ती मात्र कुणी करू लागला तर हात धरा. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, असा तो प्रयोग. डायनामोच्या काळात चालून गेला. आज बॅटरीचा आधार काढताक्षणी व्होल्टेज क्षणभर भलतंच उसळतं आणि त्यात इंजिनचा कॉम्प्युटर किंवा अल्टरनेटरचेच डायोड जाऊ शकतात. चांगल्या अल्टरनेटरची तपासणी करता करता तो मारून टाकण्याचा हा प्रकार.

नव्या गाड्यांनी वाचनात आणखी एक गुंता आणला आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी त्या गरज नसताना चार्जिंग मुद्दाम कमी करतात. गाडी वेग घेत असताना १२.५ आणि ब्रेक लावल्यावर १४.५ च्या पुढे असं व्होल्टेज खाली-वर होत राहतं. तिथे एकच आकडा बघून निकाल देऊ नये. हेडलाइट लावले की बहुतेक गाड्यांत आकडा वर येतो, मग मोजावं. दिवाही तिथे तारेने लटकलेला नसतो. अल्टरनेटर आपली स्थिती कॉम्प्युटरला कळवतो आणि दिवा लावायचा की नाही ते कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळे अंधूक दिवा हे लक्षणच त्या गाड्यांतून गेलं. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतोच, तरी मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट उतरवून देणारा कन्व्हर्टर असतो आणि तो बिघडला की चित्र लागतं ते हेच.

दुरुस्तीकडे वळण्याआधी पाच मिनिटं टर्मिनलना द्या. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरट-हिरवट क्षार चढलेला असतो, अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गंज असतो. गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून, मल्टीमीटरची एक तार अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या अधिक खुंटीला लावा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वीज तयार होतेय पण वाटेतच मुरतेय. अल्टरनेटर खोलायचं कारण नाही. खोलावा लागलाच तर आतले कार्बन आधी बघायला सांगा. नव्यात ते बोटाच्या पेराएवढे लांब असतात. बदलायला आलेले नखाएवढे उरलेले असतात आणि त्यांच्याखालच्या तांब्याच्या कड्यांवर चर पडलेली असते. चर उथळ असेल तर कार्बनचा सेट, खोल असेल तर कडीही. कॉइल जळून काळी पडली असेल, जळकट वास येत असेल, तरच रिवाइंडिंग किंवा नवा अल्टरनेटर.

नवा बसवल्यावर पूर्ण उतरलेली बॅटरी त्याच्या गळ्यात बांधू नका. आधी ती चार्जरवर रात्रभर लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी तासन् तास पूर्ण ताकदीने चालून तो तापतो. आणि गाडी ताब्यात घेताना इलेक्ट्रिशियनला दोन आकडे बिलावर लिहून मागा: आयडलला विनालोड किती व्होल्ट, आणि हेडलाइट, ब्लोअर लावून थोड्या रेसवर किती.